शनिवारी नेलेला घाणा

२४ ऑगस्ट, रविवार

घाणा गेला. आजोबांचा घाणा. काल शनिवारी भर दुपारी विन्यानं टेम्पोत घालून नेला.

काल लिहिता आलं नाही, शब्बाथला, आमच्या विसाव्याच्या दिवशी, पेन धरत नाही. आज सगळं नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढं कधी राग निवलाच तर वाचून पुन्हा पेटवता येईल.

शेजारचे बांगड्यावाले रफिकभाई आधी फोन करत होते. फोन नेहमीप्रमाणे बंद. शुक्रवारी दिवे लागले की तो कपाटात जातो. मग बिचारे गिऱ्हाईक सोडून घरी आले. "बाई, चला ना जल्दी. विनायक घाना घेऊन चालला. लाट खोलून टेम्पोत टाकली."

लाट म्हणजे घाण्याच्या उखळात फिरणारा जाड लाकडी दांडा, घाण्याचा जीवच. मी उठले. चप्पल घातली. दाराशी थांबले. शनिवारी धंद्याच्या भांडणाला जायचं नाही, ही पप्पांची शिस्त. चप्पल काढली आणि आत येऊन बसले. अंधार पडेपर्यंत बसूनच होते. घाणा जातोय हे माहीत असून. रफिकभाईंना वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलं.

आणि हे सगळं विन्याला ठाऊक. भागीदार आहे तो, त्याच्या आजोबांनी आणि माझ्या आजोबांनी मिळून हे तेलाचं दुकान काढलं. लहानपणापासून आमच्या ताटात जेवला. शनिवारी एस्तर येणार नाही, फोन उचलणार नाही, पोलिसात जाणार नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? म्हणून तर शनिवार निवडला मेल्यानं. एरवी छाती झाली नसती.

२६ ऑगस्ट, मंगळवार

वि.चं नवं दुकान बघून आले. मोठ्या रस्त्यावर, काचा, एसी, पुढं गाड्या लावायला जागा. दर्शनी भागात आमचा घाणा, शोभेला ठेवल्यासारखा. वर पाटी: ‘शनिवार तेली – लाकडी घाण्याचे शुद्ध तेल’. खाली लाल अक्षरांत: ‘शनिवारीही ताजी घाणी’.

तिथंच रस्त्यावर ओरडणार होते.

शनिवार तेली आम्ही! कोकणात समुद्राकाठी आमची ज्यू माणसं तेल गाळायची आणि शनिवारी घाणा थांबवायची, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव ते. रेवदंड्याहून आजोबा जवस-करडईच्या मागं इकडं वऱ्हाडात आले ते हे नाव बरोबर घेऊन. ते याच्या पाटीवर, आणि खाली शनिवारीही घाणी!

आत गेले. वि. गल्ल्यावर. नजर वर करेना.

"एस्तू, अर्धा घाणा माहा हाये."

"मग अर्धा कापून न्यायचास."

"किती वर्सं झाले तुले सांगून राहिलो, मोठ्या रोडवर चाल, शनिवारी लाट फिरव. शनिवारीच तं लोकं गाड्या घेऊन निंघतात. तू आयकते कुठी?"

ऐकणार नाहीच. दोन घरांचा ठराव होता. शनिवारी आणि आमच्या सणांना गल्ल्यावर विन्याच्या घरचं माणूस, पण लाट फिरणार नाही, आदल्या दिवशीचं तेल विकायचं. त्यांच्या सणांना आम्ही बसायचं. दोन पिढ्या बिनबोभाट चाललं. पप्पा गेले, विन्याचे बाबा दत्तूकाका गेले, म्हणजे ठराव काही गेला नाही.

याची जिरवीन. लिहून ठेवते. नाही जिरवली तर नावाची एस्तर नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

कुलूप बदललं. दुकान उघडून बसते. उगाच. घाण्याच्या जागी फरशीवर तेलाचा गोल डाग. जोशीकाकू पिशवी घेऊन आल्या, "करडईचं हवं होतं गं." नाही म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला तेल नाही म्हणाले. तोंड कडू झालं.

अकोल्याहून अबूचा फोन. भाऊ माझा, पण स्वभावानं पाणी. शाळेत गणित शिकवून शिकवून सगळ्याचीच वजाबाकी करतो. "जाऊ दे एस्तू. आपलं वय झालं. पोरं इस्राएलात अश्दोदले बोलावून राहिले, तूही चाल माह्यासंगं."

मी का जाऊ? चोरानं गावात मिरवायचं आणि धन्यानं गाव सोडायचं?

मामाच्या गावची आठवण येत होती आज. अलिबागच्या बाजारात आपल्या लोकांची दुकानं ओळीनं. बर्फाचं, सोड्याचं, कापडाचं, तेलाचं. शुक्रवारी ऊन उतरलं की सगळ्यांच्या फळ्या एकदम लागायच्या, आणि शनिवारी त्या ओळीतली काडी हलवायची कुणाची टाप नव्हती. ओळ होती ना. आता तिथंही बोटावर मोजण्याइतकी उरलीत. इथं अमरावतीत तर आमचं पहिल्यापासून एकटंच.

मी लग्न केलं नाही ते या दुकानापायी. मुंबईला सासरी जायचं तर दुकान कोण बघणार? आता दुकानात घाणा नाही.

५ सप्टें., शुक्र.

देव आहे!

रफिकभाई खास बातमी घेऊन आले. टेम्पोतून उतरवताना लाट आपटली, मधोमध तडा गेलाय. घाणा नुसता उभा आहे, फिरत नाही. वि. बाहेरून डबे आणून विकतोय आणि लोकांना सांगतोय, दसऱ्याला घाणा सुरू करणार.

मी रफिकभाईंना चहा पाजला, बिस्किटं दिली. वर आणखी चहा.

लाट करणं साध्या सुताराचं काम नाही. तिचा खालचा उतार उखळाशी जुळावा लागतो, नाहीतर दाणे नुसते चेंगरतात, तेल सुटत नाही. अमरावती-अकोल्यात ते जमणारा एकच, अकोल्याचा हसन मिस्त्री. मग वि. अजून त्याच्याकडे का गेला नाही? गणपतीच्या गडबडीत असेल.

संध्याकाळ होत आली. पुढचं रविवारी.

८ सप्टें., सोम.

कळलं, का गेला नाही ते. पितृपक्ष लागला! वि. पितृपक्षात काही नवीन ठरवत नाही. बयाणा देत नाही, शब्द देत नाही, नवा शर्टसुद्धा घालत नाही. दत्तूकाकांची तिथी करतो, कावळ्याला घास ठेवतो आणि पंधरवडाभर हात बांधून बसतो. मिस्त्रीला घटस्थापनेला सांगायचं त्याच्या मनात असणार. दसऱ्यापर्यंत लाट होते तेवढ्यात.

त्यानं माझा शनिवार गाठला. मी त्याचा पंधरवडा गाठते.

उद्या सकाळच्या गाडीनं अकोला.

९ सप्टें., मंगळ.

झालं काम!

हसन मिस्त्री म्हातारा झालाय पण हात तसाच. म्हणाला, "विनायकभाऊचा निरोप आलता. लाट पाह्यजे म्हने, पन नवरात्रात सांगतो म्हने." मी म्हटलं, नवरात्रापर्यंत कशाला थांबता, मला आज सांगायचंय. नवा घाणा. चिंचेचं उखळ, बाभळीची लाट. आणि वर एक जादा लाट, पुढं लागली तर.

त्याच्याकडे मुरलेलं बाभळीचं खोड एकच होतं. दोन्ही लाटा त्यातनंच निघणार. ओल्या लाकडाची लाट तो करत नाही.

"मंग विनायकभाऊचं?"

"विनायकभाऊ पितरांना विचारून येतील."

हसला. "जो पह्यले बोलला त्याचं पह्यले. दसऱ्यापर्यंत हात तुमचा."

अबूकडे जेवले. सगळं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "हे काई बरं नाई केलं तू." मी म्हटलं, वांग्याची भाजी झकास झालीय. वहिनी हसली, अबू नाही हसला.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून सबंध रस्ता खूश होते. किती दिवसांनी भूक लागली.

१७ सप्टें., बुध.

छापखान्यात. पत्रकं: ‘मूळचे शनिवार तेली. जुन्याच जागी नवा घाणा. दसऱ्याच्या शुभमुहूर्तावर प्रारंभ. पहिल्या घाणीचे तेल नेण्यास अवश्य यावे.’ ‘मूळचे’ हा शब्द ठळक करायला लावला. घटस्थापनेच्या दिवशी वर्तमानपत्रांतून घरोघर जाणार. वि.च्या दारातही पडणार, त्याचा पेपर कुठला ते ठाऊक आहे.

दसऱ्याला माझा घाणा फिरणार आणि त्याचा उभा. गाव बघेल. दुसरं काही मागत नाही मी.

२२ सप्टें., सोम. (दुपार)

सकाळी पत्रकं गेली. नऊच्या आत फोन सुरू. जोशीकाकूंनी करडईचं नोंदवलं, डॉक्टर देशमुखांच्या वहिनींनी शेंगदाण्याचं. "बाई, दसऱ्याले पयले आमाले द्या."

रफिकभाईंकडून कळलं, आज सकाळीच वि. नारळ-पेढे घेऊन अकोल्याला गेला होता. मिस्त्रीनं हात जोडून परत पाठवला. खोडच नाही म्हणाला. चेहरा बघायला मिळायला हवा होता!

मग अबूचा फोन. मला वाटलं सणाचं बोलायला असेल. आज दिवे लागताना आपला नव्याचा सण लागतो, नवं वर्ष.

"पत्रक पाह्यलं. तुह्या वहिनीच्या भावानं मोबाईलवर धाडलं. एस्तू, आज नव्याचा सण. आता पुढं मोज."

"काय मोजू?"

"दसऱ्याले आपली दारफाळणी हाये."

मी मोजलं. पुन्हा मोजलं. दहावा दिवस, तोच दसरा.

दारफाळणीचा सण. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. आदल्या संध्याकाळपासून दार लावून घ्यायचं, पांढरं नेसायचं, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, दिवसभर प्रार्थना. दुकान तर सोडाच, घराचं दार उघडायचं नाही. आणि मी त्या दिवशी गावजेवणासारखं गाव बोलावून बसलेय.

हे मला कसं आठवलं नाही? आठवायची कधी वेळच आली नाही. दारफाळणी आणि दसरा बरेचदा पुढंमागं येतात, एखाद्या वर्षी एकावर एक. पण दसरा दुकानात विन्याचा. ते घर गल्ल्यावर बसायचं, पूजा करायचं, आम्ही घरात दार लावून. पप्पांनी कधी दसऱ्याची चिंता केली नाही. मीही नाही केली. दसरा म्हटलं की माझ्या डोक्यात दुकान उघडं असतं, कारण ते विन्या उघडायचा.

म्हणजे माझ्या सूडातसुद्धा विन्यानं दुकान उघडावं हे मी धरूनच चालले होते. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

ऊन उतरतंय. फोन कपाटात.

२५ सप्टें., गुरु.

दोन दिवस सण. मध घातलेली सफरचंदं एकटीनं खाल्ली.

आता काय? पत्रकं परत गोळा होत नाहीत. रफिकभाई म्हणाले, "मी बसतो ना बाई. पन तेलातलं मले काय समजते." खरंच आहे. घाणीत पाणी कधी शिंपडायचं, पेंड कधी काढायची, हे अमरावतीत दोघांनाच कळतं. एक मी. दुसऱ्याचं नाव काढत नाही. आणि आमच्या दिवशी आमची लाट फिरणारही नाही, कुणी बसलं तरी.

म्हणजे दसऱ्याला शटर बंद. सगळं गाव दारात, आणि शटर बंद. वि.च्या हातात आयतं कोलीत. करायला गेले गणपती, झालं माकड.

आणखी एक गोष्ट रात्रंदिवस टोचतेय. आपल्यात म्हणतात, गेलेली माणसं दारफाळणीला घरी येतात आणि शिळ्या सणाला, दुसऱ्या दिवशी, परत जातात. विन्याचे पितर गेले, आता आमचे येणार. पप्पा येतील. घाणा विचारतील.

२८ सप्टें., रवि.

हसन मिस्त्री घाणा घेऊन आला. बसवला. जादा लाट अकोल्यालाच ठेवली, म्हणाला, अजून घासायची आहे. दुपारी दाणे घालून चाचणी. पहिली धार पडली तेव्हा रडले. रागाचंच रडू, पण रडले.

अबूला फोन केला, धार पडली म्हणून. खूश झाला. मग म्हणाला, "दारफाळणीच्या आदी विनायककडं जाऊन ये."

"मी? त्यानं यावं."

"त्याचा सण हाये काय? सण तुहा हाये. ज्याचं आपुन वाईट केलं त्याची माफी मागूनच दार लावाचं असते. पप्पा जात होते ना दत्तूकाकाकडं?"

जायचे. दरवर्षी. "वर्षभरात काही चुकलं असेल तर सोडून दे." "झालं गेलं, चहा घे." पुढं मीही विन्याकडे जायची, दारातल्या दारात. चुकलेलं काही नसायचं तेव्हा जाणं सोपं होतं.

माझा घाणा पळवणाऱ्याची मी माफी मागू? नाक घासत? नाही जाणार. देवाला काय सांगायचं ते मी बघेन.

१ ऑक्टो., बुध. (चार वाजून गेले)

वि. आत्ता येऊन गेला. म्हणजे गेला नाही, मी दार लावलं. पांढरी साडी नेसलेय, जेवण उरकलंय, उजेड आहे तोवर पटकन लिहिते.

दारात उभा राहून ओरडला. आधी तोच ओरडला!

"जेवल्यापासून घरी बसून हावो. बाबा बसत होते तसा. चहाचं आधण ठेवलं, उतरवलं, अजून ठेवलं. म्हटलं आज दारफाळणी लागते, एस्तू येईन. तू कावून नाई आली?"

मी म्हटलं, "तू घाणा नेलास आणि माफी मी मागायची?"

"घाणा मी नेला, ते माहं मी पाहीन. लाट तू अडवली का नाई? पितरपाटात अडवली. मी कावळ्याले घास ठेवून राहिलो, अन् तू अकोल्याले जाऊन माहं लाकूड उचललं."

"तू शनिवार पाहिलास, मी पितृपक्ष पाहिला. फिटंफाट."

त्यानं हात पुढं केला. "चाबी दे."

"कसली?"

"दुकानाची. उद्या तू बसशीन दार लावून. लोकं येतीन. दसरा माह्या घरचा हाये, दत्तूच्या घरचा. मी बसतो. लाट नाई फिरवत. मले मालूम हाये, नाई फिरवाची."

त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. लहानपणचा चेहरा बघायला गेले तर तो दिसला, आणि टेम्पोत लाट टाकणाराही त्याच चेहऱ्यात दिसला. याच हातात दर शनिवारी चावी असायची. चावीच्या जोरावरच नेला ना घाणा?

म्हणाले, "घाणा परत आण, मग चावी."

"लाट दे, मंग पाहू."

आणि मी दार लावलं. तोंडावर. माफी न मागता, न देता. पप्पा दार लावायचे तेव्हा आधी चौकटीवरच्या मेझुझाला, पवित्र वचनांच्या डबीला, बोटं लावून ओठांना लावायचे. तेही माझ्याकडून राहिलं.

उजेड गेला.

२ ऑक्टो., गुरु. (तारे दिसल्यावर)

उपास सोडला. लिंबूपाणी.

दिवसभर प्रार्थनेचं पुस्तक हातात होतं आणि कान रस्त्यावर. देवापुढं उभी राहून मी मनात विन्याशी भांडत होते. असला उपास देवाला चालतो का, विचारायला कुणी नाही. दुपारी वाटलं, पप्पा खुर्चीत बसलेत. घाण्याचं मी काही बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही.

फोन कपाटातून काढला, तर तो वाजायचाच थांबेना.

रफिकभाई: वि. सकाळी आला. चावी नाही, म्हणून आमच्या बंद शटरपुढं स्टूल टाकून बसला. सांजेपर्यंत. शटरला झेंडूचं तोरणही त्यानंच बांधलं. स्वतःचं दुकान बायकोवर सोडून! "क्या बोला बाई, मालूम नई. मले आज गर्दी होती. लोकायले काहीतरी सांगत होता खरं."

जोशीकाकू: "अगं, किती छान बोलला विनायक. म्हणाला, आज तिचा कडक उपास आहे, दार लावून बसते, उद्या या. तेल तिच्याकडचंच घ्या म्हणाला."

डॉक्टर देशमुखांच्या वहिनी: "माह्या हातात कार्ड देल्लं त्यायनं. त्यायच्याच दुकानाचं. म्हणे, उद्या इथं नाई जमलं तं तिकडं या. मले समजलं नाई बाई, तुमी पुन्हा एक झाले काय?"

अजून तीन-चार फोन. कुणाला ‘उद्या इथं या’ म्हणाला, कुणाला कार्ड दिलं, कुणाला दोन्ही. एकजण म्हणाले, कार्ड आम्हीच मागून घेतलं.

माझी राखण करत होता की माझी गिऱ्हाइकं वेचत होता? दिवसभर उन्हात बसून? चोरी करायची तर एवढं ऊन कशाला खाल्लं? आणि भलं करायचं तर खिशात कार्डं कशाला आणली? डोकं फुटायची वेळ आली, पोटात अन्न नाही.

मग फोन हसन मिस्त्रीचा. "बाई, सन झाला काय तुमचा? विनायकभाऊचा निरोप हाये. तुमची जादा लाट घासून तयार हाये, ते त्यायले देऊ काय म्हने. तुमची हाये. तुमी म्हनसान तसं."

सकाळी सांगते म्हणाले. मिस्त्री म्हणाला, सकाळी लवकर सांगा, अमरावतीचा टेम्पो निघतो.

नाही म्हटलं तर विन्याचा घाणा या सालात फिरत नाही. एक शब्द. तोंडात तयार आहे. दीड महिना दुसरं काही मागितलं नाही मी. जेवण झाल्यावर अबूनं फोन करून विचारलं, "माफी मागितली होती ना?" मी फोन ठेवला.

उद्या शिळा सण. माणसांकडे जायचा दिवस. मिस्त्रीला फोन करायच्या आधी आणि दुकानाचं शटर उघडायच्याही आधी विन्याच्या घरी जाणार. माफी मागायला की गचांडी धरायला, ते त्यानं दार उघडलं की ठरवीन.